रेशनच्या तांदळातला वेगळा दाणा : प्लास्टिक की पोषण?



आज आपण बोलणार आहोत रेशनच्या तांदळाबद्दल. सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसलं की काही दाणे वेगळे दिसतात. बाकीच्यांपेक्षा थोडे पांढरट किंवा पिवळसर, गुळगुळीत, सगळे एकाच मापाचे. धुवायला पाण्यात टाकले की त्यातले बरेचसे वर तरंगतात. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, प्लास्टिकचा तांदूळ आहे हा. पोरांना घालू नकोस." त्यात मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो आणि शंकेची खात्री होऊन बसते. मग काही जणी ते दाणे एकेक वेचून फेकतात. काही जणी रेशनचा तांदूळ कोंबड्यांना घालतात आणि पदरचे पैसे मोडून दुकानातून दुसरा तांदूळ आणतात.

महिन्याच्या खर्चात हे पैसे कुठून काढायचे, ते घर चालवणारीलाच ठाऊक. म्हणून हा दाणा नेमका काय आहे ते आज नीट समजून घेऊ. त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्यात खोटं किती, खरं किती, आणि खरोखर विचारण्यासारखे प्रश्न कोणते, तेही पाहू.

हा दाणा बनतो कसा?

हा दाणा तांदळाचाच असतो. फक्त तो शेतातून थेट आलेला नसतो, कारखान्यात घडवलेला असतो. तांदूळ सडताना जी कणी पडते, तिचं पीठ करतात. त्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात. पाणी घालून मळतात आणि यंत्रातून दाबून काढतात. आपण सोऱ्यातून शेव पाडतो ना, तसंच. फक्त इथे शेवेऐवजी तांदळाच्या आकाराचे तुकडे कापले जातात आणि मग ते वाळवतात. असे घडवलेले दाणे साध्या तांदळात मिसळले की झाला 'फोर्टिफाइड' तांदूळ. सरकारी कागदात याला 'गुणसंवर्धित तांदूळ' म्हणतात.

प्रमाण असतं शंभराला एक. म्हणजे एक किलो तांदळात साधारण दहा ग्रॅम दाणे असे असतात. म्हणूनच ते सुपात अधूनमधून दिसतात आणि वेगळे उठून दिसतात.

ते तरंगतात का? शेतातला दाणा आतून घट्ट असतो. पिठाचा घडवलेला दाणा तितका घट्ट नसतो, त्यात बारीक पोकळ्या राहतात, म्हणून तो हलका असतो. तरंगणं ही प्लास्टिकची खूण नाही. पाण्यात भाताचं पोचट साळही तरंगतं आणि किडलेला हरभराही तरंगतो.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं, की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला तांदूळ असा गुणसंवर्धित असेल. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तो अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारात आणि रेशन दुकानात आला. पोत्यावर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि त्याच्याजवळ इंग्रजी 'एफ' अक्षर दिसतं, ती याची खूण. पण आपण रेशन घेतो ते पिशवीत सुटं. पोत्यावरची खूण आपल्यापर्यंत पोचत नाही आणि दाणा तेवढा पोचतो. दाणा घरात आला आणि माहिती आली नाही, तर मधली जागा अफवा भरून काढणारच. शंका घेणाऱ्या बाईला त्यासाठी वेडी ठरवायचं कारण नाही. लेकरांच्या ताटात काय पडतंय हे तिने बघायलाच हवं.

'प्लास्टिकचा तांदूळ' ही गोष्ट आली कुठून?

ही अफवा आपल्या रेशनच्या दाण्यापेक्षा जुनी आहे आणि देशोदेशी फिरून आलेली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात तांदळाची १०२ पोती 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून पकडली गेली. जगभर बातमी झाली. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा तो प्लास्टिक नसल्याचं निघालं, तांदूळच होता. पण त्यात जंतूंचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त होतं, तो खाण्यालायक नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोक बोलत राहिले प्लास्टिकबद्दल आणि खरा धोका होता घाणीचा. २०१७ मध्ये आपल्याकडे तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक या राज्यांत हीच अफवा पसरली होती.

जरा व्यवहाराने विचार करा. भेसळ करणारा महागात स्वस्त मिसळतो. दुधात पाणी घालतो, पाण्यात दूध घालत नाही. प्लास्टिकचा कच्चा माल तांदळापेक्षा स्वस्त नाही. मग तांदळाच्या नावाखाली प्लास्टिक विकून कुणाला काय मिळणार?

व्हिडिओत दोन 'पुरावे' दाखवतात. पहिला म्हणजे भाताचा गोळा वळून जमिनीवर आपटला की उसळतो. तो कुठल्याही चिकट भाताचा उसळतो. भातातलं पिष्ट चिकट असतं आणि गोळ्यात हवा अडकलेली असते. दुसरा पुरावा म्हणजे दाणा काडीने पेटवला की जळतो. तांदूळही जळतो, ज्वारीही जळते. बघायचं ते कसा जळतो हे. प्लास्टिक आधी वितळतं, त्याचे थेंब गळतात, ओढलं तर तार निघते, आणि गार झालं की पुन्हा कडक होतं. तांदूळ वितळत नाही, तो करपून काळा कोळसा होतो.

गटाच्या बैठकीत स्वतः करून बघा

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, हे तुम्हाला स्वतः पाहता येतं. पुढच्या बैठकीला तीन वाट्या घ्या. एकीत रेशनच्या तांदळातून वेचलेले दहा वेगळे दाणे, दुसरीत साधे दहा दाणे, तिसरीत प्लास्टिकच्या पिशवीचे दाण्याएवढे तुकडे.

पहिली परीक्षा शिजवण्याची. तिन्ही वेगवेगळ्या भांड्यांत उकळत्या पाण्यात घाला. साधा दाणा मऊ होईल. वेगळा दाणाही मऊ होईल, बोटाने चुरडला जाईल. प्लास्टिक कितीही वेळ उकळलं तरी भातासारखं मऊ होऊन चुरडलं जाणार नाही.

दुसरी परीक्षा आयोडीनची. गावच्या शाळेत विज्ञानाच्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे आयोडीनचं द्रावण असतं. त्याचा एकेक थेंब तिन्ही वाट्यांत टाका. जिथे पिष्ट असतं तिथे रंग निळा-काळा होतो. दोन्ही दाण्यांवर होईल, प्लास्टिकवर होणार नाही. आयोडीन टाकलेलं मात्र खायचं नाही, फेकून द्यायचं.

तिन्ही वाट्या शेजारी शेजारी का ठेवायच्या? कारण नुसता एक दाणा पाहून काही कळत नाही. कशाच्या तुलनेत, ते पाहिलं की कळतं. विज्ञान म्हणजे मुळात एवढंच, शेजारी ठेवून पाहणं. आपल्या जेवणातल्या मिठाचंच उदाहरण घ्या. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचा आजार फार होता. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांनी पाहिलं तर आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड उतरला होता, साध्या मिठाच्या भागात तसा उतरला नव्हता. मग त्या तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ दिलं. आज आपण जे मीठ खातो, त्याच्यामागे अशी पारख आहे.

मग हा तांदूळ म्हणजे औषधच का?

इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. प्लास्टिक नाही हे कळलं, की कुणी म्हणतं, "मग आता गोळ्या कशाला? भातातच लोह आहे." हेही खरं नाही. आपण हिशोब मांडू.

नियमाप्रमाणे एक किलो गुणसंवर्धित तांदळात नेहमीच्या प्रकारचं लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असतं. एखादी बाई दिवसाला दीडशे ग्रॅम तांदळाचा भात खात असेल, तर तिला त्यातून साधारण चार ते साडेसहा मिलिग्रॅम लोह मिळतं. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या सातव्या ते पाचव्या हिश्श्याएवढं. गरोदर बाईला आशाताई जी रोजची गोळी देते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे भाताचं लोह हा हातभार आहे, गोळीची जागा तो घेत नाही.

शास्त्रज्ञांमध्येही याबद्दल वाद आहे आणि तो खरा वाद आहे. जगभरातले प्रयोग जुळवून पाहणारी कोक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०१९ मध्ये गुणसंवर्धित तांदळाचे अभ्यास एकत्र तपासले. हिमोग्लोबिन थोडं वाढत असावं असं दिसलं, पण रक्तक्षयाच्या रुग्णांचं प्रमाण नक्की घटतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. काही भारतीय डॉक्टर विचारतात, की एकाच धान्यात लोह घालण्यापेक्षा तोच पैसा डाळ, अंडी, भाज्या यांवर खर्च केला तर? दुसरे म्हणतात, की गरिबाच्या ताटात भात रोज असतो, अंडं रोज नसतं, मग भातातूनच द्यायला काय हरकत? दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. हा प्रश्न ग्रामसभेतही विचारण्यासारखा आहे. पण 'प्लास्टिक आहे' या आरोळीत तो ऐकूच येत नाही.

अंगात रक्त कमी असण्याचा प्रश्न मात्र कुठल्याही वादापलीकडचा आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. गटात वीस जणी बसल्या असतील तर त्यातल्या दहा-अकरा जणी, असा त्याचा अर्थ. धाप लागणं, पाय ओढणं, कामात मन न लागणं याला आपण 'वय झालं' किंवा 'आळस' म्हणतो. पुष्कळदा तो रक्तक्षय असतो.

आणि रक्तक्षयाचं कारण दरवेळी लोहच नसतं. पोटातले जंत, पाळीत फार अंगावरून जाणं, दोन बाळंतपणांत कमी अंतर, मलेरिया, ब-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार अशी वेगवेगळी कारणं असतात. म्हणून आधी तपासणी करायची. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तपासणी उपकेंद्रात होते.

कोणी सांभाळून राहायचं?

आता महत्त्वाचं ऐका. विदर्भात, नंदुरबारकडे आणि इतर आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आहे. काही घरांत थॅलेसेमिया असतो. या आजारांतही हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण त्याचं कारण वेगळं असतं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागलं तर त्या रक्ताबरोबर लोहही अंगात जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. ते यकृतात आणि हृदयात साठत जातं. अशा माणसाला 'रक्त कमी आहे' म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या देणं धोक्याचं ठरू शकतं.

म्हणूनच देशाच्या २०१८ च्या नियमांत लोह घातलेल्या पदार्थांच्या पाकिटावर सूचना छापायला सांगितली होती. थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं आणि सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये, अशी ती सूचना होती. पुढे तज्ज्ञांनी हा प्रश्न पुन्हा पाहिला. भातातून जाणारं लोह थोडं असतं, या आधारावर २०२४ मध्ये ती सूचना छापण्याची सक्ती काढली गेली. त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर आपण काय करायचं? जिथे उपचार चालू आहेत त्या डॉक्टरांना सरळ विचारायचं, "आमच्या रेशनच्या तांदळात लोह घातलेलं आहे, हा भात चालेल का?" त्यांना रुग्णाच्या अंगात लोह किती साठलंय हे तपासून सांगता येतं. आणि सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर करून घ्यायची. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झालेली आहे, तिच्यात ही तपासणी होते.

बाकी निरोगी माणसांनी, गरोदर बायकांनी, मुलांनी हा भात खायला हरकत नाही.

स्वयंपाकघरात काय करायचं?

वेगळे दाणे वेचून टाकू नका. लोह आणि जीवनसत्त्वं त्यातच आहेत. धुताना ते वर येतात आणि पाण्याबरोबर ओतले जातात, म्हणून पाणी गाळणीतून किंवा हाताआड धरून काढा. चोळून चोळून सात पाण्यांनी तांदूळ धुवू नका. भात वेळून पेज काढत असाल तर ती फेकू नका. कोकणात पेज पितात, ती चाल चांगली आहे. पेजेत विरघळलेली जीवनसत्त्वं असतात.

जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर लगेच चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. तास-दीड तास जाऊ द्या. उलट वरणभातावर लिंबू पिळा, आवळ्याचं लोणचं घ्या, पेरू खा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-भाकरीतलं लोह जास्त लागू पडतं. आणि रंगावरून रक्ताचं अनुमान करू नका. बीट लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं असं नाही, त्यात लोह थोडंच असतं. गुळात लोह असतं, पण खडाभर गुळातून मिळतं ते अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, कडधान्यांच्या उसळी, आणि घरात चालत असेल तर मटण, सुकी मासळी, अंडी यांवर भर द्या. आणि ताटात ते सगळ्यांना पुरवा, बाईच्या वाट्याला तळाशी उरलेलं नको.

रेशनच्या तांदळाबद्दल खऱ्या तक्रारीही असतात. पोरकिडे, खडे, कुबट वास, ओल लागलेला माल, वजनात खोट. त्या गप्प बसून सोसू नका. दुकानदाराला दाखवा, गटाने मिळून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी द्या, किंवा १९६७ या मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार करताना 'प्लास्टिकचा तांदूळ' असं लिहिलं, तर साहेब हसून कागद बाजूला ठेवतील. 'अमुक तारखेला मिळालेल्या तांदळात पोरकिडे होते, नमुना सोबत आहे' असं लिहिलं, तर उत्तर द्यावं लागेल.

पुढची अफवा येईल तेव्हा

आज तांदूळ आहे, उद्या अंडं असेल, परवा दूध असेल. मोबाइलवर खाण्यापिण्याबद्दल काही भीतीचं आलं, की पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. हे सांगणारा कोण, आणि त्याने स्वतः तपासलंय की ऐकलेलं सांगतोय? कशाच्या तुलनेत सांगतोय, शेजारी साधा दाणा ठेवून पाहिला का? किती प्रमाणात, कारण चिमूटभर आणि मूठभर यात फरक असतो. आणि कोणासाठी, कारण जे सुनेला चालतं ते सिकलसेलच्या मुलाला चालेलच असं नाही.

हे चार प्रश्न व्हिडिओला विचारा, तसेच सरकारी जाहिरातीलाही विचारा. दुकानातल्या टॉनिकच्या बाटलीला तर नक्की विचारा. मी आज जे सांगितलं त्यालाही विचारा.

तर सख्यांनो, पुढच्या बैठकीत तीन वाट्यांची परीक्षा करा आणि जमलं तर अंगणवाडीच्या ताईंना आणि रेशन दुकानदारालाही बोलवा. सगळ्यांदेखत पाहिलेलं गावात लवकर पोचतं. त्याच दिवशी आशाताईंना सांगून गटातल्या सगळ्यांची हिमोग्लोबिनची तपासणी ठरवा, आणि आकडा प्रत्येकीने आपल्या वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.